पालथ्या नावेवरील वेदी

परीक्षा आटोपल्या, की आपल्या धर्मग्रामांच्या सूचनाफलकांवर विद्यार्थी शिबिरांच्या सूचना झळकू लागतात. तीन-चार दिवसांचा मुक्काम, आठ-दहा जणांचे गट, एकत्र प्रार्थना, भांडी घासण्याच्या पाळ्या, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा. पहिल्या दिवशी परस्परांचे नाव विचारण्यासही संकोचणारी मुले निरोपाच्या वेळी गळ्यात गळा घालून रडताना दिसतात. वडीलधारी मंडळी हे पाहून कौतुकाने हसतात आणि म्हणतात, "महिन्याभरात सगळे विसरतील." पुष्कळदा तसे घडतेही. तरीही काही गट असे निघतात, की त्यांतील मैत्री विवाह, नोकरी, संसार, आजारपण या साऱ्यांतून पार होते. हे कशामुळे घडते, याचा शोध घेण्यासाठी आपण एका अशा गटाकडे वळू या, ज्याचा इतिहास बऱ्यापैकी नोंदविला गेला आहे.

हा गट पोलंडमधील क्राकूव शहरातला. १९४९ साली तेथील संत फ्लोरियन धर्मग्रामात एका तरुण धर्मगुरूची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. त्यांचे नाव फा. कारोल वोयतिला. वय अवघे एकोणतीस. रोममधील शिक्षण आटोपून ते मायदेशी परतले होते आणि काही महिने एका खेडेगावी सेवा करून शहरात आले होते. विद्यापीठ जवळच असल्याने चर्चमध्ये विद्यार्थ्यांची ये-जा असे. फादरांनी त्यांच्यासाठी व्याख्याने सुरू केली, ग्रेगोरियन गायनाचा सराव सुरू केला, आजाऱ्यांच्या भेटी सुरू केल्या. मोठी योजना अशी काहीच नव्हती. गाण्याच्या सरावाला येणारी पाच-सहा मुले-मुली सरावानंतर थोडा वेळ थांबू लागली, एवढीच सुरुवात.

काळ मात्र साधा नव्हता. देशात स्टालिनवादी राजवट होती. कॅथलिक युवक संघटना मोडीत काढण्यात आल्या होत्या आणि चर्चच्या भिंतींबाहेर धर्मगुरूंनी युवकांचे गट चालविण्यास मनाई होती. सप्टेंबर १९५३ मध्ये पोलंडचे प्रमुख धर्माधिकारी कार्डिनल विशिन्स्की यांनाच अटक झाली आणि ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते स्थानबद्ध राहिले. अशा वातावरणात एखाद्या धर्मगुरूबरोबर डोंगरात जाणे म्हणजे विद्यार्थ्याने आपले शिक्षण आणि पुढील नोकरी पणाला लावण्यासारखे होते. कोण कोणाची खबर देईल, याचा भरवसा नसे. घरातसुद्धा हलक्या आवाजात बोलावे, असे ते दिवस होते.

१९५२ च्या वसंतात काही विद्यार्थिनी फादरांसमवेत झाकोपाने या डोंगराळ भागात क्रोकसची फुले पाहण्यास निघाल्या. फादरांनी झगा न घालता साधे कपडे घातले होते. आगगाडीत चारचौघांत त्यांना 'फादर' म्हणून हाक मारणे धोक्याचे होते. मग हाक मारावी तरी काय? तेव्हा शेंकेविच यांच्या कादंबरीतील एका पात्राची आठवण काढून फादरांनी सुचविले, की मला 'वुयेक' म्हणा. पोलिश भाषेत हा शब्द मुळात आईच्या भावासाठी, म्हणजे आपल्या भाषेत 'मामा'. पुढे तो कोणत्याही काकामामासाठी रुळला. मराठी वाचकाला या शब्दाची गोडी वेगळी समजावून सांगायला नको. वडिलांचा धाक आणि मित्राची बरोबरी यांच्या मधोमध कोठेतरी मामा उभा असतो. सुट्टी म्हटली, की त्याचे घर आठवते. पोलिसांना चुकविण्यासाठी घेतलेले हे नाव त्या गटाने शेवटपर्यंत सोडले नाही. त्यांचा मामा पुढे कार्डिनल झाला, पोप झाला, तरी या मंडळींसाठी तो वुयेकच राहिला.

१९५३ पासून पायी भ्रमंतीबरोबर कयाकच्या सहली सुरू झाल्या. कयाक म्हणजे वल्ह्याने चालविण्याची लांबट, हलकी नाव. यात येझी चेशेल्स्की या स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मोठा पुढाकार होता. उन्हाळ्यात नदीकाठी तंबू ठोकीत, रोज पुढचा पल्ला गाठीत ही मंडळी जात. त्यांच्या दिवसाची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्यातच दडलेले आहे.

सकाळी पवित्र मिस्सा होई. वेदी म्हणून एक नाव पालथी घालीत आणि दोन वल्ही एकमेकांना बांधून क्रूस तयार करीत. त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत असे आणि ती उघड्यावर अर्पण करणे ही नित्याची बाब मुळीच नव्हती. ज्या नावेत बसून दिवसभर घाम गाळायचा, तीच सकाळी वेदी! श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांचा संबंध समजावण्यासाठी वेगळ्या प्रवचनाची गरज उरली नसावी.

नंतर प्रवास. नावेत दोघांची जागा असे. वुयेक दररोज निरनिराळ्या सोबत्याला आपल्या नावेत घेत. इतर नावा पुढेमागे असत, सर्वांच्या नजरेसमोर; पण बोलणे मात्र त्या दोघांपुरतेच राही. कोणी अभ्यासातील अपयश सांगे, कोणी प्रेमाचा गुंता, कोणी देवाविषयीची शंका. घाई नसे, कारण पुढचा मुक्काम येईपर्यंत उतरून जाण्याची सोयच नव्हती. ते फार कमी बोलत आणि पुष्कळ ऐकत, असे त्यांच्या सोबत्यांनी नंतर सांगितले आहे. सल्ला मागितला, तर ते प्रश्नाच्या सर्व बाजू उलगडून दाखवीत. निर्णय मात्र तू स्वतःच घ्यायचा आहेस, असे सांगत.

ही शेवटची गोष्ट मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. शिबिरात निर्माण होणाऱ्या जिव्हाळ्याला एक धोका असतो. मुले गटनायकाच्या किंवा धर्मगुरूच्या व्यक्तिमत्त्वाला चिकटतात आणि तो दूर गेला, की गट विस्कटतो. येथे तसे झाले नाही. निर्णयाचे ओझे परत ज्याचे त्याच्या खांद्यावर ठेवल्यामुळे ती मुले स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि एकमेकांना धरून राहिली. १९५४ पासून वुयेक लुब्लिन येथील कॅथलिक विद्यापीठात शिकवू लागले, बराच काळ प्रवासात असत, तरी गट चालूच राहिला.

संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी आणि चर्चा होत. विषयाला बंधन नसे. वुयेक तेव्हा प्रेम व विवाह या विषयांवर लिहीत होते. त्या लिखाणाची पाने ते मुलांपुढे ठेवीत आणि त्यांची मते ऐकत. त्यातून 'प्रेम आणि जबाबदारी' हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. ब्रह्मचारी धर्मगुरूने विवाहावर इतक्या जवळिकीने कसे लिहिले, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तराचा मोठा भाग त्या शेकोटीजवळ सापडतो.

ऑगस्ट १९५८ मध्ये गट उत्तरेकडील वीना नदीवर असताना वुयेकना वॉर्सा येथे बोलावणे आले. पिठाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकमधून आणि पुढे रेल्वेने ते राजधानीत पोहोचले. कार्डिनल विशिन्स्कींनी त्यांना सांगितले, की पोप महोदयांनी त्यांची क्राकूवचे साहाय्यक बिशप म्हणून नेमणूक केली आहे. वय अडतीस वर्षे. ते क्राकूवला आर्चबिशप बाझियाक यांना भेटले आणि सहलीवर परतण्याची इच्छा व्यक्त केली; आपण गेलो नाही, तर रविवारी त्या मंडळींना मिस्सा मिळणार नाही, ही त्यांची चिंता होती. आता ते शोभणार नाही, असे आर्चबिशपांचे म्हणणे पडले. वुयेक जवळच्या चर्चमध्ये जाऊन क्रूसाची वाट करून परत आले आणि त्यांनी पुन्हा विनंती केली. अखेर परवानगी मिळाली. अभिषेकाच्या दिवसापर्यंत मात्र परत या, अशी हसून सूचनाही मिळाली. ही हकिकत त्यांनी स्वतःच २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदविली आहे. २८ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांचा अभिषेक झाला. सहली त्यानंतरही थांबल्या नाहीत.

त्या गटाला पुढे 'श्रोदोविस्को' हे नाव मिळाले. याचा अर्थ परिसर किंवा वातावरण. संघटना नव्हे, मंडळ नव्हे, सभासदांची यादी तर नव्हेच. गटातील अनेकांचे विवाह वुयेकनीच लावले, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा दिला आणि काही वर्षांनी ती मुलेही नावांतून येऊ लागली.

पोलंडमध्ये याच सुमारास लहान गटांचा दुसरा, अधिक शिस्तबद्ध प्रयोगही उभा राहत होता. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेले फा. फ्रांचिशेक ब्लाख्नित्स्की यांनी १९५४ साली वेदीसेवकांसाठी 'ओअ‍ॅसिस' हे शिबिर सुरू केले. पुढे जपमाळेच्या पंधरा रहस्यांनुसार पंधरा दिवस, आणि प्रत्येक लहान गटाला एक तरुण मार्गदर्शक, अशी त्याची घडण झाली. आपल्याकडील वाय.सी.एस. चळवळीतील लहान गट कार्डिनल कार्दैन यांच्या 'पाहा, पारखा, कृती करा' या पद्धतीवर चालतात. वाटा निराळ्या असल्या, तरी तिन्ही ठिकाणी मोठ्या मेळाव्यापेक्षा मोजक्या माणसांवर भर दिलेला दिसतो. हजारोंच्या गर्दीत उत्साह मिळतो. आपली अनुपस्थिती कोणाच्या लक्षात येईल, ही खात्री फक्त लहान गटात मिळते.

एक खुलासा येथे करणे भाग आहे. त्या गटाची गुप्तता सरकारपासून होती. आज कोणी हे उदाहरण पुढे करून पालकांना अंधारात ठेवून शिबिर भरवू पाहील, तर ते सर्वथा चुकीचे ठरेल. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नोंदविण्याची व्यवस्था जगभरच्या धर्मप्रांतांना बंधनकारक केली, ती कटू अनुभवांतून शिकूनच. शिबिर कोठे आहे, सोबत कोण आहे, हे पालकांना ठाऊक असलेच पाहिजे. खाजगी बोलणे सर्वांच्या नजरेसमोर व्हावे, हे तर त्या नावांनीही पाळले होते.

नाते किती खोल होते, याची कसोटी १९७० मध्ये लागली. येझी चेशेल्स्की तोवर प्राध्यापक झाले होते आणि सुदानमध्ये खार्टूम विद्यापीठात शिकवीत होते. ९ ऑक्टोबर रोजी नाईल नदीवर बोटीला अपघात झाला आणि ते दोन मुलांसह बुडाले. पत्नी आणि एक मुलगी मागे राहिली. ज्याने मित्रांना पाण्याची ओढ लावली, त्याला पाण्यानेच नेले. गटाने त्या कुटुंबाचे दुःख आपले मानले. तेव्हा कार्डिनल असलेल्या वुयेकनी मित्रावर स्मृतिलेख लिहिला, आणि पोप झाल्यावर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातही त्यांची आठवण काढली. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने चेशेल्स्कींना 'वंदनीय' घोषित केले: एक प्रापंचिक, एक अभियंता, एक बाप.

१९७८ च्या उन्हाळ्यातही ही मंडळी नावा घेऊन पाण्यावर गेली होती. ६ ऑगस्टला पोप पॉल सहावे निवर्तले, आणि १६ ऑक्टोबरला वुयेक पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यानंतर उन्हाळ्यात भेट व्हायची ती कास्तेल गांदोल्फो येथील पोप महोदयांच्या निवासस्थानी. पिकलेल्या केसांची ती मंडळी मुलाबाळांना, नातवंडांना घेऊन तेथे जात आणि जुनी गाणी गात.