शाहजोग हुंडी आणि संगणकाचा होकार

ज्या पेढ्यांवर एके काळी शाहजोग हुंडीचा व्यवहार चाले, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना एक नियम पाठ असे. हुंडी घेऊन आलेला गृहस्थ खरोखर ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला आहे की नाही, याची चौकशी रक्कम देणाऱ्यानेच करावयाची. चौकशीवाचून भलत्याच माणसाच्या हाती रक्कम पडली, तर तोटा देणाऱ्याच्या माथी येई.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये जे घडले, ते या नियमाच्या प्रकाशात पाहिले म्हणजे चटकन उमगते. एटीएममध्ये कार्ड घातले की बँकेच्या ‘स्विच’कडे विचारणा जाते, स्विच मूळ खातेप्रणालीला विचारतो आणि शिल्लक असल्यास होकार कळवितो. हल्लेखोरांनी खातेप्रणाली फोडण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी मध्ये एक तोतया स्विच बसविला. विचारणा खात्यापर्यंत पोहोचेना आणि तोतया मात्र प्रत्येकाला होकार देत सुटला. ११ ऑगस्टच्या शनिवारी बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेस ‘स्विफ्ट’ प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेला हा भुर्दंड सोसावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

हे सारे मोठ्या बँकांचे प्रश्न, असे रायगड किनाऱ्यावरील व्यापाऱ्यास वाटेल. परंतु अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर येथील निवासगृहे आता संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी घेतात आणि पेठेतील दुकानांत बिले संगणकावर निघतात. दोन संगणकप्रणाली ज्या खिडकीतून परस्परांशी बोलतात, तिला ‘एपीआय’ म्हणतात. आणि तोतया उभा राहतो तो याच खिडकीत.

ग्राहकाने ऑनलाइन पैसे भरले की ‘व्यवहार यशस्वी’ असा निरोप बहुधा त्याच्याच ब्राउझरमार्फत दुकानाच्या संकेतस्थळावर येतो. हा निरोप बनविता येतो. म्हणून पैसे स्वीकारणारी कंपनी त्यासोबत गुप्त किल्लीने तयार केलेली संगणकीय सही पाठविते. ती सही पडताळणे आणि रक्कमही मूळ मागणीशी जुळविणे, हे संकेतस्थळ लिहिणाऱ्या अभियंत्याचे काम. ते राहून गेले, तर आठ हजारांची खोली आठ रुपयांत, किंवा फुकटही, नोंदविली जाऊ शकते. वहीत नोंद चोख, बँकेत मात्र जमा नाही. भाच्याने सुट्टीत प्रेमाने बनवून दिलेल्या संकेतस्थळांत ही उणीव हमखास शोधावी.

दुसरी चूक याहून साधी. बिलाच्या दुव्यात १०४१ च्या जागी १०४२ टाकले की शेजारच्या व्यापाऱ्याचे बिल, भाव आणि फोन क्रमांक उघडे! मागणारा कोण हे तपासले जाते. पण मागितलेला कागद त्याचाच आहे का, हे कोणी तपासत नाही. ‘ओवॅस्प’ या संगणक-सुरक्षेच्या संस्थेने एपीआयमधील धोक्यांची यादी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली व २०२३ मध्ये सुधारली. दोन्ही याद्यांत पहिले स्थान याच चुकीचे आहे.

गुप्त किल्ली मोबाइल ॲपच्या आत लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी दाराच्या खिळ्याला टांगणे. नोकर सोडून गेल्यावर त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा, हे तर पेढीला सांगणे नको. तरीही कुठे फसगत झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

अभियंत्याच्या देयकात या तपासणीची वेगळी ओळ क्वचितच असते. ती मागून घ्यावी लागते. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँचा बंद असतात, पर्यटकांची वर्दळ ओसरते. हे काम करून घेण्यास तोच काळ सोयीचा.