पाव इंचाची बिजागरी

शनिशिंगणापूरला (ता. नेवासा, जि. अहिल्यानगर) घरांना दार न लावण्याची जुनी रीत आहे. 2011 साली युको बँकेनेही तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. अशा गावात कडी-बिजागरी बनवणाऱ्याला गिऱ्हाईक कोठून मिळणार? त्याने वेशीपलीकडे पाहावे. विमानांच्या मोठ्या, उडणाऱ्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींना बिजागरीच लागते, पण पाव इंचाची!

टायगर मॉथ हे 1931 सालचे विमान घ्या. पंखांचा विस्तार 29 फूट 4 इंच, पाव मापाच्या प्रतिकृतीत 7 फूट 4 इंच. वैमानिकाच्या बाजूची झडप खाली उघडते. मूळ बिजागरी इंचभर असेल, तर येथे ती पाव इंचाची हवी.

पत्रेवाल्याला हे काम नवे नाही. पितळेचा पातळ पत्रा लालसर तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो. त्याची पट्टी तारेभोवती वळवावी, डाख द्यावा, सोनाराच्या बारीक करवतीने दाते पाडावेत. तारेला आधी तेलाचे बोट लावावे, नाहीतर डाख तारेलाच धरतो आणि बिजागरी जाम होते. अ‍ॅल्युमिनियमला साधा डाख धरत नाही. ते मऊ करताना वर साबण घासावा व साबण काळा पडताच आच काढावी. शेपटीकडे मात्र अ‍ॅल्युमिनियमच वापरावे. पितळ त्याच्या तिपटीने जड, आणि शेपटी जड झालेले विमान सावरत नाही.

गिऱ्हाईक थोडे आहे, तेव्हा चालू दुकान बंद करू नये. मजुरी मात्र वजनावर नव्हे, तासांवर आधीच ठरवावी. नग हातात पडल्यावर "एवढ्याशा पत्र्याचे एवढे पैसे?" हे ऐकावे लागतेच.