लेखनातील अनिश्चितता : मराठी आणि इंग्रजी

बोलताना मनातील शंका स्वरातून प्रकट होते. लेखनात स्वर नसतो, म्हणून ते काम शब्दांनाच करावे लागते. इंग्रजी लिहिताना आपले विद्यार्थी येथेच अडखळतात. याचे कारण आपण आधी मराठीत शोधले पाहिजे.

रात्रीच्या पावसाविषयीची चार वाक्ये घेऊ. अंगण ओले पाहून आपण म्हणतो, ‘पाऊस पडला असावा.’ हे पुराव्यावरून काढलेले अनुमान होय. ‘पडला असेल’ हा केवळ तर्क. ‘पडला म्हणे’ ही ऐकीव वार्ता. उघड्यावर कापूस असलेला शेतकरी ‘पडला की काय!’ म्हणतो, तेव्हा शंकेत धास्तीही मिसळलेली असते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘मस्ट हॅव’ व दुसऱ्यासाठी ‘मे हॅव’ योजावे. ‘माइट’ने संभव आणखी क्षीण होतो. ‘म्हणे’साठी मात्र तिकडे ‘इट इज सेड’ असा विस्तार करता येतो. याउलट, बाजारहत्नूरच्या परिसरात मराठीशेजारी नांदणाऱ्या तेलुगूत ‘वान पडिंदट’ यातील अंत्य ‘ट’ नेमके हेच कार्य करतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदांच्या अर्थांचा सविस्तर विचार आहे, जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

इंग्रजीच्या छायेने अलीकडे ‘पूल कोसळू शकतो’ अशी वाक्ये रूढ झाली आहेत. कोसळणे हे जणू पुलाचे सामर्थ्यच! ‘पूल कोसळण्याचा संभव आहे’ असे लिहिल्यास अर्थ निःसंदिग्ध होतो.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. चौकशीच्या अहवालात ‘त्याने पैसे घेतले’ आणि ‘घेतले असावेत’ यांत एका माणसाच्या अब्रूचे अंतर असते. ऐकीव गोष्टीतील ‘म्हणे’ गाळले की अफवेचा इतिहास होतो. उलट, ‘बहुधा कदाचित असावे असे वाटते’ अशी शब्दांची रास रचणारा लेखक नम्र ठरत नाही. तो जबाबदारी टाळतो. जेवढा पुरावा, तेवढाच निश्चय. आणि जेथे शंका, तेथे तिचा एकच, पण नेमका शब्द. कोणत्याही भाषेत लिहिताना एवढा विवेक पाळला, तर वाचकाचा विश्वास लाभतो.