मोहालीत राहून संगीताची पदवी: महाविद्यालय कसे निवडावे?

नोकरीच्या बदलीने मोहालीत आलेल्या मराठी घरांत मुलगी लहानपणापासून गाणे शिकत असेल, तर बारावीच्या वर्षी एक प्रश्न हमखास येतो. तिला पुण्याला पाठवायचे की इथेच एखाद्या महाविद्यालयात बी.ए.ला संगीत घेऊ द्यायचे? इथे राहून उत्तम शिकता येते असे माझे ठाम मत आहे. मात्र निवड करताना प्रश्न योग्य क्रमाने विचारायला हवेत. बहुतेक घरांत आधी महाविद्यालयाचे नाव पाहिले जाते, मग गुण आणि शेवटी शिक्षक. संगीतासाठी हा क्रम उलटा करावा लागतो.

आधी इथली व्यवस्था समजून घेऊ. मोहाली पंजाब राज्यात आहे आणि रस्ता ओलांडला की लागणारे चंदीगड केंद्रशासित आहे. त्यामुळे दोन विद्यापीठांशी संबंध येतो. चंदीगडमधली महाविद्यालये पंजाब विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ 1882 साली लाहोरला सुरू झाले आणि फाळणीनंतर पुढे चंदीगडला आले. मोहालीचा जिल्हा मात्र पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. दोन्हींची नावे सारखी असली तरी अभ्यासक्रम आणि परीक्षा वेगळ्या आहेत. चंदीगडच्या सरकारी महाविद्यालयांत शहरातल्या शाळांतून बारावी झालेल्यांसाठी जागांचा मोठा वाटा राखीव असतो. म्हणून मोहालीच्या शाळेत शिकलेल्या मुलीने आपण कोणत्या गटात बसतो हे प्रवेशाच्या आधीच विचारून घ्यावे.

आता संगीत शिकण्याचे तीन मार्ग पाहू.

पहिला मार्ग म्हणजे बी.ए. आणि त्यात संगीत हा एक विषय. चंदीगडमध्ये सेक्टर 36 चे एम.सी.एम. डी.ए.व्ही. आणि सेक्टर 11 चे सरकारी कन्या महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी मुलींसाठी ही सोय आहे. संगीताच्या जोडीला मानसशास्त्र, संस्कृत, इंग्रजी साहित्य असे विषय घेता येतात. पंजाब विद्यापीठाच्या बी.ए.मध्ये पंजाबी अनिवार्य असते, पण जिने शाळेत पंजाबी घेतलेली नाही तिला त्याऐवजी पंजाबचा इतिहास आणि संस्कृती हा विषय निवडता येतो. मराठी घरांना या सवलतीची कल्पना नसते आणि केवळ भाषेच्या भीतीने चांगला पर्याय सोडला जातो.

दुसरा मार्ग म्हणजे संपूर्ण संगीताची पदवी. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत संगीतच असते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले ललित कला केंद्र हे याचे चांगले उदाहरण. विद्यापीठाची चौकट सांभाळून गुरूकडे बसून शिकण्यावर तिथे भर आहे. गायिका किंवा वादक व्हायचे हे ज्या मुलीचे पक्के ठरले आहे, तिने हा मार्ग नक्की तपासावा.

तिसरा मार्ग परीक्षा-मंडळांचा. महाराष्ट्रात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा सर्वांना माहीत आहेत. मंडळाचे मूळही पंजाबातच आहे, कारण कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी पहिले गांधर्व महाविद्यालय 1901 साली लाहोरला काढले. चंदीगड-मोहालीत असेच काम प्राचीन कला केंद्र करते. 1956 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मोहालीच्या सेक्टर 71 मध्ये संकुल आहे आणि तिच्या परीक्षा देशभर होतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या परीक्षांतली विशारद झाल्यावर विद्यापीठाची पदवी आपोआप मिळत नाही. विशारद कुठे आणि किती ग्राह्य धरायची हे त्या त्या विद्यापीठावर आणि नोकरीच्या नियमांवर ठरते. म्हणून विशारद पदवीच्या जोडीला करावी, पदवीच्या जागी नव्हे.

मार्ग ठरला की अभ्यासक्रमाची प्रत मिळवा आणि शांतपणे वाचा. प्रत्येक सत्रात किती राग आहेत, त्यांतले किती विलंबित आणि द्रुत ख्यालासह सविस्तर गायचे आहेत आणि किती फक्त परिचयापुरते आहेत, हे पाहा. प्रात्यक्षिकाला किती गुण आणि आठवड्याला किती तास आहेत, तेही पाहा. सत्रात फार राग असतील तर एकही राग गळ्यात मुरत नाही. कमी राग आणि जास्त तास ही चांगल्या अभ्यासक्रमाची खूण आहे. शास्त्राच्या पेपरात पलुस्कर आणि भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धती असतातच. मराठी मुलीला ही नावे घरची वाटतील.

यानंतर प्रत्यक्ष वर्गात जा. प्रवेशाआधी एक तास मागे बसू देण्याची विनंती करा. काय पाहायचे ते सांगतो. एका तुकडीत किती विद्यार्थी आहेत? शिक्षक स्वतः गाऊन शिकवतात की वहीतून बंदिश उतरवून देतात? तबल्याच्या साथीला माणूस नेमलेला आहे का, की सगळे ॲपवर चालते? तानपुरे जुळवलेले आहेत का? तास संपल्यावर रियाजाला खोली मिळते का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्ग कोणत्या पट्टीत चालतो? काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला तीन वर्षे काळी दोनमध्ये गायला लावले तर तिचे तारसप्तक कधी खुलतच नाही. मुला-मुलींच्या एकत्र वर्गात ही अडचण हटकून येते. शिक्षक त्यावर काय मार्ग काढतात, हे विचारायला संकोच करू नका.

युवा महोत्सवांबद्दलही विचारा. इथल्या महाविद्यालयांत शरदात त्यांची तयारी जोरात चालते. समूह शबद (शीख भक्तिपदे), लोकगीत, गिद्धा (स्त्रियांचे लोकनृत्य), शास्त्रीय गायन अशा स्पर्धांमुळे रंगमंचाची भीती जाते, हा मोठा लाभ आहे. पण त्या आठवड्यांत नियमित तास बुडत असतील, तर ते भरून कसे निघतात हेही समजून घ्या.

पंजाबात राहून शिकण्याचा एक लाभ पुण्यात मिळणार नाही, तो म्हणजे गुरमत संगीत, म्हणजेच शीख परंपरेतले कीर्तनसंगीत. गुरु ग्रंथ साहिबातील वाणी 31 मुख्य रागांत मांडलेली आहे आणि तिच्यात आपल्या नामदेवांची 61 पदेही आहेत. दिलरुबा, ताऊस ही वाद्ये इथे कीर्तनात ऐकू येतात. पतियाळाच्या विद्यापीठात या संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. ज्या घराण्याने बडे गुलाम अली खाँ दिले ते घराणेही याच पतियाळाचे. शिवाय चंदीगडच्या टागोर थिएटरमध्ये होणाऱ्या मैफली आणि जालंधरला 1875 पासून चालत आलेले हरिवल्लभ संमेलन आहेच. ऐकणे हा शिक्षणाचा अर्धा भाग आहे आणि तो इथे भरपूर मिळतो.

शेवटी पुढचा विचार. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर साधारणपणे एम.ए. आणि नेट लागते. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांच्या संगीत शिक्षकाच्या जागेसाठी संगीतातली पदवी मागतात, त्यामुळे विषय म्हणून संगीत घेतलेली साधी बी.ए. तिथे चालते का, हे जाहिरातीतून नेमके तपासावे. आकाशवाणीची श्रेणी मात्र ध्वनिचाचणीतल्या गाण्यावरच मिळते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शिक्षक, मग रियाजाचे तास, मग अभ्यासक्रम, मग सोबतचे विषय आणि सर्वांत शेवटी महाविद्यालयाचे नाव. ज्या मुलीला अजून दोन वाटा खुल्या ठेवायच्या आहेत, तिच्यासाठी मोहालीत घरी राहून चंदीगडची बी.ए. आणि शहरातल्या एखाद्या गुरूकडे स्वतंत्र तालीम ही जोडी मला सर्वांत भक्कम वाटते. घरी राहिल्याने वाचलेला वसतिगृहाचा खर्च त्या तालमीवर आणि एका चांगल्या तानपुऱ्यावर करा.