कवचाची विद्या : चिलखतापासून गळपट्ट्यापर्यंत



कवच हा शब्द उच्चारला कीं आमच्या पिढीला कर्ण आठवतो. आजच्या मुलांना विज्ञानकथांतील ते वीर आठवतात, जे धातूचा अभेद्य पेहराव चढवून एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर युद्धें करीत हिंडतात. मला मात्र अलीकडे टोकदार खिळ्यांचा एक ओबडधोबड पट्टा आठवतो. तो कोणा कुत्र्याच्या गळ्यांतला नव्हे. शेतावर निघालेल्या माणसाच्या गळ्यांतला.

जुन्नर, आंबेगांव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर विभाग होतो. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत यांपैकीं शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत सुमारें तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले : एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. त्यानंतर तेथील स्त्रीपुरुष गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून शेतांत जाऊं लागले. शहरांत कांहीं जणांना ती बातमी वाचून हसूं आलें असेल. परंतु त्या पट्ट्यामागें जी विद्या आहे ती हसण्यासारखी नाहीं, आणि तीच आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

कोणत्याही कवचाचें पहिलें काम म्हणजे आघात पसरविणें. समजा, बिबट्याच्या सुळ्याच्या टोंकावर ५० किलो वजनाइतका जोर आहे आणि तें टोंक एक चौरस मिलिमीटर आहे. तो सगळा भार कातडीच्या तेवढ्याशा ठिपक्यावर पडतो आणि सुळा आंत शिरतो. आतां मध्यें एक कठीण पट्टी घाला, आणि तिच्यामुळें तोच भार दहा चौरस सेंटिमीटरांवर वांटला जाऊं द्या. दहा चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हजार चौरस मिलिमीटर. तेव्हां प्रत्येक मिलिमीटराच्या वांट्याला अवघा ५० ग्रॅम भार येतो. जोर तितकाच राहिला, पण त्याची धार गेली. टांचणी डोक्याकडून दाबली तर बोटाला कांहीं होत नाहीं आणि टोंकाकडून दाबली तर रक्त येतें, हें ज्यानें अनुभवलें आहे त्याला कवचाचा पहिला धडा वेगळा शिकविण्याची गरज नाहीं.

चिलखताची रचना याच धड्यावर उभारलेली आहे, पण अधिक चतुराईनें. लोखंडाची एक कडी सामान्यतः शेजारच्या चार कड्यांत गुंतविलेली असते. तलवारीचा वार एका कडीवर पडला तरी ती एकटी तो सोसत नाहीं. ओढ शेजारणींकडे जाते. शिवाय सगळें जाळें वस्त्रासारखें लवतें, त्यामुळें घोड्यावर बसतां येतें, हात फिरवितां येतो. ज्या शिवछत्रपतींचा जन्म १६३० सालीं आमच्या शिवनेरीवर झाला, त्यांनीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या भेटीस जातांना अंगरख्याच्या आंत चिलखत घातलें होतें. खानाचा वार त्यावर खरखरला, अंगाला लागला नाहीं, असें सभासदाच्या बखरींत आहे. बखरकारानें योजलेलें हें खरखरण्याचें क्रियापद मला फार मार्मिक वाटतें. शस्त्र कड्यांवरून घसरत गेलें, त्याला एका जागीं रुतावयास मिळालें नाहीं, हें त्या एका शब्दांत आलें आहे.

परंतु चिलखताला उणीवही आहे. अरुंद टोंकाचा बाण कडीच्या भोकांत शिरून तिला आंतून फाडूं शकतो. गदेच्या आघातानें कड्या शाबूत राहून आंतलीं हाडें मोडतात. म्हणून चिलखताखालीं कापूस भरलेला जाड सदरा घालीत. लोखंडानें धार बोथट करावी आणि कापसानें धक्का गिळावा, अशी ती वांटणी असे. पुढें बंदुका आल्या आणि चिलखत हळूहळू शस्त्रागाराच्या भिंतीवर गेलें.

येथें विज्ञानकथेकडे क्षणभर वळूं. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील योद्ध्यांभोंवतीं एक अदृश्य ढाल असते. वेगानें येणारी वस्तु ती अडविते. सावकाश सरकणारें पातें मात्र आंत येऊं देते. म्हणून तेथील खड्गविद्येंत शेवटचा वार मुद्दाम मंद करावा लागतो. ही निव्वळ कविकल्पना म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. त्याच सुमारास अमेरिकेंतच स्टेफनी क्वोलेक या रसायनविदुषीनें केव्हलार या धाग्याचा शोध लावला. त्याचे अनेक थर असलेलें जाकीट बंदुकीची वेगवान गोळी जाळ्यांत मासा धरावा तसें धरतें. गोळी चपटी होते आणि तिची शक्ति धाग्याधाग्यांतून दूरवर पळते. पण तेंच जाकीट बारीक टोंकाच्या सुरीपुढें पुष्कळदां हरतें, कारण तें टोंक धाग्यांना बाजूला सारून मधून निघतें. एकंदरींत सर्व आघातांवर चालणारें कवच कोणीच बनविलेलें नाहीं. कर्णाचें तेवढें अपवाद म्हणावें, तर तेंही मागून नेलें गेलें. प्रत्येक कवच विशिष्ट शत्रूच्या विशिष्ट वारासाठीं असतें.

आमच्या मुलखांतील शत्रूचा वार कोणता? बिबट्या पुष्कळदां मागून किंवा बाजूनें येतो, आणि मान किंवा गळा पकडून श्वास कोंडतो. म्हणून पट्टा गळ्याला. परंतु हा पट्टा चिलखताच्या अगदीं उलट युक्ति करतो. चिलखत आघात पसरवितें. खिळा तो एका बिंदूवर गोळा करतो, आणि तो बिंदु हल्लेखोराच्याच तोंडांतला असतो. जबडा जितक्या जोरानें मिटेल तितका खिळा टाळ्यांत रुतेल. शिकारीवर जगणाऱ्या प्राण्याला तोंडाची जखम परवडत नाहीं, तेव्हां तो पकड सोडण्याचा संभव फार. हिमालयांतील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना बिबट्यापासून वांचविण्यासाठीं आणि तुर्कस्तानांतील धनगर लांडग्यांपासून वांचविण्यासाठीं असे कांटेरी पट्टे पूर्वापार घालीत आले आहेत. सुंदरबनांत १९८६ च्या सुमारास मध गोळा करणारे लोक डोक्याच्या मागच्या बाजूस मनुष्याच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधूं लागले, कारण वाघ पाठीमागून झेप घेतो. तेंही एक कवचच. फक्त तें वाघाच्या डोळ्यांना अडवितें, दांतांना नव्हे.

आतां पट्ट्याच्या मर्यादा. तो गळा राखतो; डोकें, पाठ, हात राखीत नाहीं. ५०-६० किलोचें जनावर अंगावर आदळलें तर माणूस पडतोच. आणि सर्वांत मोठी अडचण मुलांची. खेळतां खेळतां मूल पट्टा काढून टाकतें, आणि त्याची उंचीच बिबट्याच्या नेहमींच्या भक्ष्याएवढी. खुरपणीसाठीं ओणवी झालेली बाईही त्याला तशीच ठेंगणी दिसते.

हा बिबट्या येथें इतका आला कसा, याचें उत्तर डोंगरांत नसून पाटाच्या पाण्यांत आहे. माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें इत्यादि कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं हा कोरडा मुलूख भिजविला; ऊंस आला. वर्षभर उभें राहणारें तें दाट पीक बिबटीला पिलें घालण्यास वनासारखेंच सोयीचें, आणि वस्तीवरचीं कुत्रीं-शेळ्या हें तयार अन्न. माणिकडोहला जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. पण सगळ्या उंसाला पिंजरा घालतां येत नाहीं.

शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणीं पाळीपाळीनें रात्रीं येते. पाळी आली कीं शेतकऱ्याला काळोखांत उंसाच्या सरींतून पाणी वळविण्यास जावें लागतें, आणि तीच बिबट्याची फिरण्याची वेळ. दिवसा वीज द्या, ही या भागांतील शेतकऱ्यांची मागणी त्यामुळें केवळ सोयीची मागणी नाहीं. तोंवर पंपाकडे जाणारानें एकट्यानें जाऊं नये, मोठ्यानें बोलत, बत्ती घेऊन जावें, मुलाला बरोबर नेऊं नये. पट्टा बांधावयाचा तर त्याच्या आंतल्या बाजूस जाड कापड शिवून घ्यावें आणि तो हनुवटीखालीं सैल राहूं देऊं नये. सैल पट्टा बाजूला सरकतो आणि गळा उघडा पडतो.