सोसायटीच्या कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायचा खर्च परवडतो का? सभासदांनी हा हिशोब एकदा बघाच

गावोगावच्या विकास सोसायट्यांत आता कॉम्प्युटर आले आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजेच आपल्या सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २ हजार ५१६ कोटी रुपयांची तरतूद झाली. पण किर्द-खतावणीत आयुष्य गेलेल्या सचिवाला आणि क्लार्कला हे मशीन चालवायला शिकवायचे कोणी? आणि पैसे भरून बाहेरचे प्रशिक्षण द्यायचे म्हटले, की संचालक मंडळात पहिला प्रश्न येतो, "एवढा खर्च कशाला?"

चूक सोसायटीची, भुर्दंड शेतकऱ्याला

पीक कर्ज मुदतीत भरले तर ३ लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडत नाही. केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचे ३ टक्के मिळून हे जमते. १ लाखाच्या कर्जावर ही रक्कम वर्षाला ६ हजार रुपये होते.

आता मार्चमध्ये जुने-नवे करायची गर्दी असते. सभासदाने पैसे वेळेत भरले, पण भरणा दुसऱ्याच्या खात्यावर पडला किंवा तारीख चुकली, तर कागदावर तो थकबाकीदार दिसतो. आधार नंबरचा एक आकडा चुकला तरी सवलतीच्या यादीत नाव अडकते. पावती हातात असली तरी मग सोसायटी आणि बँकेच्या चकरा माराव्या लागतात.

म्हणजे शिकवण्याचा खर्च सोसायटीच्या खात्यावर दिसतो, पण न शिकवल्याचा खर्च सभासदाच्या खिशातून जातो. तो ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

आकड्यांत बघू

समजा, दोन माणसांची फी १० हजार आणि जाण्या-येण्याचा, जेवणाचा खर्च २ हजार. एकूण १२ हजार रुपये. सोसायटीचे ६०० सभासद असतील तर माणशी २० रुपये झाले. आणि १ लाख कर्ज असलेल्या दोनच सभासदांची सवलत हुकली, तरी तेवढेच १२ हजार गेले.

दुसरी गोष्ट. स्वतःच्या माणसाला येत नसेल तर नोंदी बाहेरच्या ऑपरेटरकडून करून घ्याव्या लागतात. त्याला महिन्याला ३ हजार दिले तरी वर्षाचे ३६ हजार होतात. शिवाय सभासदांची खाती, आधार नंबर परक्या माणसाच्या हातात जातात ते वेगळेच.

पण कोणतेही प्रशिक्षण नको

नुसते सर्टिफिकेट आणून भिंतीला लावले तर खर्च वाया गेलाच म्हणून समजा. टायपिंग आणि चित्रे काढायला शिकून सोसायटीची तेरीज जुळत नाही. पैसे भरण्याआधी एवढे तपासा :

- आधी फुकटचे मागा. संगणकीकरण प्रकल्पात प्रशिक्षण धरलेले आहे. ते किती झाले, काय राहिले, हे जिल्हा बँकेत विचारा. उरलेल्यासाठीच पैसे घाला.
- सोसायटीच्याच सॉफ्टवेअरवर शिकवा. कर्जवाटप, वसुली, व्याज आकारणी आणि रोजची किर्द त्याच दिवशी बंद करणे, हे हाताने करून यायला हवे.
- दोघांना शिकवा. एकेका गटसचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असतात. त्याची बदली झाली की शिकलेलेही त्याच्याबरोबर जाते. गावातला क्लार्क सोबत शिकलाच पाहिजे.
- वेळ बघून पाठवा. मार्चच्या वसुलीत किंवा खरिपाच्या कर्जवाटपात माणूस बाहेर गेला तर कामाचा खोळंबा होतो.
- अर्धी फी मागे ठेवा. एक महिना वही आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे नोंदी करा. दोन्हीकडची शिल्लक जुळली की उरलेली फी द्या.

ज्या सोसायटीत कर्जदार मोजकेच आहेत आणि क्लार्कला काम आधीच जमते, तिथे पैशाच्या प्रशिक्षणाची गरज नाही. शेजारच्या गावातल्या जाणकार सचिवाजवळ आठ दिवस बसला तरी भागते.

सभासदांनी काय करावे?

सहकार कायद्याच्या कलम २४-अ मध्ये सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यामुळे हा विषय वार्षिक सभेत मांडता येतो. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते. कोण शिकले, काय शिकले आणि आता नोंदी कोण करतो, हे तीन प्रश्न तिथे विचारा.

आणि तोपर्यंत भरणा केला की पावती घ्या, आपला खातेउतारा मागा, नाव, रक्कम आणि तारीख तिथेच तपासा. कॉम्प्युटरमधली चूक त्याच दिवशी सापडली तर पाच मिनिटांत निघते.