गॅलॅक्सी (संगणकप्रणाली)

गॅलॅक्सी ही जीवशास्त्रीय विदेच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली असून ती न्याहाळकातून चालते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तिचा विकास सुरू झाला. तिच्यावरील शोधनिबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. अँटोन नेक्रुटेन्को व जेम्स टेलर हे तिच्या प्रमुख निर्मात्यांपैकी होत.

पार्श्वभूमी

जनुकीय विश्लेषणाच्या अनेक स्क्रिप्ट अक्षरी आज्ञा टंकून चालवाव्या लागतात. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या जीवशास्त्रज्ञाला सहकाऱ्याने दिलेली स्क्रिप्टही वापरणे अवघड जाते. शिवाय स्क्रिप्टची आवृत्ती व निवडलेले पर्याय नोंदलेले नसल्यास निष्कर्षाची फेरतपासणी करणे कठीण होते.

कार्यपद्धती

स्क्रिप्टला लागणारी विदा व पर्याय यांचे वर्णन तज्ज्ञ एका एक्सएमएल फाइलमध्ये करतो. त्यावरून गॅलॅक्सी पडद्यावर फॉर्म तयार करते. वापरकर्त्याने फाइल निवडून पर्याय भरायचे असतात. प्रत्येक पायरी ‘हिस्टरी’ या नोंदीत जतन होते. त्या नोंदीपासून ‘वर्कफ्लो’, म्हणजे पायऱ्यांची जोडलेली साखळी, तयार करून ती दुव्याद्वारे इतरांना देता येते. त्यांना ती स्वतःच्या विदेवर चालवता येते.

मर्यादा

फॉर्म सोपा असला, तरी अयोग्य पर्याय निवडल्यास निष्कर्ष चुकू शकतो. त्यामुळे विश्लेषणपद्धतीचे ज्ञान आवश्यकच राहते.